बाथरूमच्या भिंतीवरचा ताबा

गावंडे वकील कोणाच्याही घरी गेले की आधी बाथरूम पाहतात. जायचं म्हणून नाही, पाहायचं म्हणून. तुम्ही या बसा म्हणाल, ते बसणार नाहीत. तुम्ही पाण्याचा पेला पुढे कराल, तो हातात धरूनच ते विचारतील, "बाथरूम कुठीसा आहे तुमचं?" मग पेला तुमच्याच हातात परत देतील, खिशातून छोटा टॉर्च काढतील, पँटचे पाय दुमडतील आणि आत जातील. बाहेर घरातली माणसं एकमेकांकडे पाहत उभी. आतून टाइल्स ठोकून पाहिल्याचा आवाज येतो. मग एक लांब श्वास ऐकू येतो, कारण ते भिंतीचा वास घेतात. बाहेर आले की निकाल सांगतात. "ताबा तुमचाच आहे, सांभाळा," असं म्हणाले तर तुम्ही सुटलात. "ताबा गेला," म्हणाले तर तुमचा रविवार गेला.

ताबा म्हणजे भिंतीचा. एकीकडे तुम्ही, दुसरीकडे बुरशी.

वकीलसाहेबांनी अमरावतीच्या कोर्टात आयुष्यभर दिवाणी दावे चालवले. शेताचे धुरे-बांध, भाडेकरू, भावाभावांच्या वाटण्या. आता काळा कोट खुंटीला आहे, पण तोंडातलं कोर्ट काही रिटायर झालं नाही. मूळचे मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे कायदाही ते वऱ्हाडीतूनच सांगतात. पुण्याच्या माणसाला वाटेल भांडण चाललंय. प्रत्यक्षात ते तुम्हाला चहाची साखर विचारत असतात.

मी त्यांचा शेजारी. बडनेरा रोडच्या बाजूला आमची कॉलनी आहे आणि त्यांच्या नि माझ्या घरामध्ये एक कंपाउंडची भिंत आहे, तीही कमरेएवढी. मी शाळेत भूगोल शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझी जी फजिती झाली तिच्यात भूगोलाचा मोठा वाटा आहे. विदर्भाचे हवामान उष्ण व कोरडे असते, हे वाक्य मी इतक्या वर्गांना फळ्यावर लिहून दिलंय की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. बुरशी यायची ती कोकणात. आपल्याकडे मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल काढेपर्यंत पापड होतो, इथे कसली आलीय बुरशी? त्यामुळे आमच्या बाथरूमच्या छताला काळे ठिपके दिसले तेव्हा मी माझ्या बायकोला, सुनंदाला, ठामपणे सांगितलं की हा धूर आहे.

"बाथरूममदे धूर कशाचा?" ती म्हणाली.

याचं उत्तर भूगोलात नव्हतं. म्हणून मी दिवाळीच्या आधी स्वतः शिडीवर चढून त्यावर डिस्टेंपर मारला. रंग आकाशी होता. सुनंदानं एक-दोनदा विचारलं की आधी खरवडायचं नसते का. मी हसलो. ज्याला काही कळत नाही त्याला हसायला फार सोपं जातं. नाताळच्या सुमारास आकाशी रंगातून काळे ढग वर आले, आणि ते इतके हुबेहूब होते की वर्गात नेता आले असते.

मग मात्र मला राग आला. माणसाला बायकोसमोर खोटं ठरवणाऱ्या वस्तूचा जो राग येतो, तो. एका सकाळी मी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवली. तिच्यानं काय होणार असं वाटलं, म्हणून संडासचं अ‍ॅसिडही तिच्यात ओतलं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं हा माझा हिशोब. बादलीतून फसफस झाली, वास नाकात शिरला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि मला दाराची कडी सापडेना. कंपाउंडवरून उडी मारून कोणीतरी आलं, खांद्याचा धक्का देऊन दार उघडलं आणि कॉलर धरून मला अंगणात आणून टाकलं. ते वकीलसाहेब होते. सत्तरीच्या माणसानं भिंतीवरून उडी मारली याचं कौतुक करायलाही मला श्वास नव्हता.

त्यांनी मला पाणी पाजलं, तोंड धुवायला लावलं, आणि मग शांतपणे झापलं. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग कधी एका बादलीत आणत नसतात, त्यातून निघणारी वाफ माणूस मारते. "बुरशी त राह्यली असती, मास्तर," ते म्हणाले, "तुमीच बेदखल झाले असते."

वाफ गेल्यावर त्यांनी टॉर्च काढला आणि आत गेले. ठोकून पाहिलं, वास घेतला, छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि खिडकीकडेच पाहत राहिले. आता ही खिडकी म्हणजे माझी आयुष्यातली एकमेव इंजिनिअरिंग. आमच्या हॉलची खिडकी रस्त्यावर, तिथं कूलर ठेवला तर चोरीला जाईल ही सुनंदाची भीती. मी डोकं लढवलं. बाथरूमच्या खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँड ठोकला आणि कूलर तिथं बसवला. पाणी भरायला नळ हाताशी, आणि हवा बाथरूममधून सरळ हॉलमध्ये. कोणी आंघोळीला गेलं की तेवढा वेळ हॉलमधले लोक घामाघूम व्हायचे, एवढीच अडचण. पाहुण्यांना मी हे अभिमानानं दाखवायचो. आणि उन्हाळा संपला की कूलर खाली उतरवायचा असतो हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे, पण उतरवत कोणी नाही. प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा, सुतळी बांधायची आणि पुढच्या मार्चची वाट पाहायची. म्हणजे माझ्या बाथरूमची एकमेव खिडकी वर्षातले आठ महिने माझ्याच कूलरनं बुजवलेली होती.

वकीलसाहेबांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी सुनंदाला विचारलं, "हे कोणाची अक्कल होय?"

सुनंदानं माझ्याकडे बोट केलं. तिचा चेहरा त्या दिवशी फार प्रसन्न होता.

मग त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं ते मी आता झोपेतही म्हणू शकतो. बुरशी म्हणजे घाण नव्हे, कब्जेदार. गरिबासारखी एका कोपऱ्यात येऊन बसते. कोणी हरकत घेतली नाही की हातपाय पसरते, आणि बारा वर्षं बसू दिली तर उद्या म्हणेल भिंत माझीच. तिच्यावर रंग मारणं म्हणजे कब्जेदाराच्या अंगावर नवी शाल घालणं. ब्लिचिंगनं घासलं की नुसता स्टे मिळतो. पायाखालची ओल तोडली तरच बेदखल होते. आणि त्यांचं आवडतं वाक्य, जे ते बोट वर करून म्हणतात: "पार्टी मेली म्हणून दावा मरत नाही. वारस रेकॉर्डवर येतेत." म्हणजे आज घासली, उद्या हिची पिल्लं त्याच जागेवर हजर. कोर्टात वादी मेला की त्याच्या पोराबाळांची नावं दाव्यावर चढवतात, तसं.

त्या आठवड्यात कूलर खाली आला. गळका नळ दुरुस्त झाला. भिंत वाळवली, खरवडली, पांढऱ्या व्हिनेगरनं पुसली, सुकू दिली, पुन्हा पुसली. टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशनं घासल्या, आणि तो टूथब्रश नंतर मी एकदा चुकून दात घासायलाही घेतला, पण ते असो. शेवटी आली शिक्षा. घरातला जो सगळ्यात शेवटी आंघोळ करेल त्यानं रबरी वायपरनं भिंती निपटून काढायच्या, खिडकी उघडायची, ओला टॉवेल बाहेर दोरीवर टाकायचा. आमच्याकडे शेवटी आंघोळ करणारा मी. आठवडाभर वकीलसाहेब कंपाउंडपाशी उभे राहून विचारायचे, "वायपर फिरवला काय?" मी नाही फिरवला की त्यांना कसं कळायचं कोण जाणे. बहुतेक माझ्या तोंडावर दिसायचं. माझ्या तोंडावर सगळंच दिसतं, असं सुनंदाचं मत आहे.

तेव्हापासून मी त्यांचा भक्त झालो. कॉलनीत कोणाकडे सत्यनारायण असला की मी त्यांच्या मागे टॉर्च धरून. लोकांना आमचा ताप व्हायचा, पण बोलता येत नव्हतं, कारण ते सांगतात ते खरं निघायचं. मलाही शास्त्र आल्यासारखं वाटायला लागलं होतं. एका घरी मी कौतुकानं टाइल ठोकली तर टाइलच खाली आली.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. वकीलसाहेबांच्या स्वतःच्या घरी त्यांच्या झोपायच्या खोलीला लागून बाथरूम आहे, आणि त्याला कुलूप. ते स्वतः मागच्या अंगणातल्या न्हाणीत नळाखाली आंघोळ करायचे, थंडीतसुद्धा. विचारलं तर म्हणायचे, आतला नळ बिघडलाय. त्यांच्या बायकोला, आमच्या प्रभाकाकूंना, जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. एकटा माणूस, कशाला दोन बाथरूम वापरील, असा मी विचार केला आणि सोडून दिला. मी पुष्कळ गोष्टींचा असाच विचार करतो.

त्यांना एकच मुलगी, पल्लवी. ती अकोल्याला दिली आहे, जुन्या शहरात, आणि तो संबंध जमवला आमच्या सुनंदानं, कारण तिचं माहेर त्याच गल्लीत. पल्लवीला दिवस गेले. सातव्या महिन्यात सासरी डोहाळजेवण ठरलं आणि आम्ही तिघंही अकोल्याला गेलो. गाडीत मी त्यांना विनवलं की साहेब, व्याह्यांचं घर आहे, आज टॉर्च नको. ते हओ म्हणाले. टॉर्च खिशात होताच.

अंगण भरलेलं. पल्लवीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायका गाणी म्हणतायत. मी पंगतीत बसून दुसऱ्यांदा पुरणपोळी घेतली तेवढ्यात बाजूची जागा रिकामी दिसली. मी उठेपर्यंत उशीर झाला होता. वकीलसाहेब व्याह्यांच्या बाथरूममधून बाहेर येत होते, पाय दुमडलेले, आणि दारात विहीणबाई उभ्या. त्यांनी नम्रपणेच सांगितलं की दक्षिणेच्या भिंतीवरचा ताबा गेला आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही.

विहीणबाई वाईट नव्हत्या. पण आपल्या अंगणात, आपल्या बायांसमोर आपल्या भिंतीचं उणं कोणी काढलं तर कोणाला राग येणार नाही? त्या म्हणाल्या, "आमची भिंत पाह्यली, बरं झालं. आता तुमची सांगू काय? दिवाळीले पोरगी माहेरी आली त चार दिवसांत खोकत परत आली. त्या बंद बाथरूमाजवळच्या खोलीत ओलीचा वास मारते म्हणे. डॉक्टर म्हणते, अशा खोलीत बाळंतीण ठेवा लागत नाही. ते बाथरूम नीट होईन त मी पोरगी पाठवतो. नाही त बाळंतपण अथीच."

गाणी थांबली होती. आयुष्यभर भल्याभल्यांना जागेवर उत्तरं देणारे वकीलसाहेब खाली वाकले. त्यांनी पँटचे पाय खाली सोडले आणि म्हणाले, "करतो." पल्लवी वर मान करून त्यांच्याकडे पाहत होती. पहिलं बाळंतपण, आई नाही, निदान आपल्या घरात, आपल्या बापाजवळ व्हावं, एवढीच तिची इच्छा. ते तिनं सुनंदाला कितीदा तरी फोनवर सांगितलं होतं.

मला वाटलं, चला, हा तर त्यांच्या हातचा मळ. दुसऱ्या दिवशी मी वायपर, ब्रश, व्हिनेगर घेऊन त्यांच्या दारात. ते म्हणाले, आज नाही, सोमवारी. सोमवारी म्हणाले, प्लंबर गावाला गेला. नंतर म्हणाले, अमावास्या आहे. देवाधर्माचं ज्यांनी कधी नाव काढलं नाही त्यांना अमावास्या आठवली तेव्हा मला कळलं की हा माणूस तारखा घेतोय. समोरचा पक्ष कमजोर असला की तो तारखा घेतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. इकडे पल्लवीचे दिवस भरत आले. एका दुपारी तिचा सुनंदाला फोन आला. बाबांना जमत नसेल तर राहू दे काकू, म्हणाली, मी अकोल्यालाच थांबतो, त्यांना सांगा रागावली नाही म्हणून. आणि रडायला लागली. सुनंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी चप्पल न घालताच कंपाउंड ओलांडलं. उडी मारायला गेलो होतो, पँट अडकली, तेव्हा ओलांडलं म्हणणंच बरं.

वकीलसाहेब ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, साहेब, कोर्टाचा माणूस जागेवर येऊन पाहतो तसा आज मला मौका पाहायचा आहे. तुम्ही साऱ्या कॉलनीचा पाहिला, आता तुमचा दाखवा. मग जानव्याला... नाही, जानवं ते घालत नाहीत, गळ्यातल्या काळ्या गोफाला बांधलेली किल्ली त्यांनी काढली आणि माझ्या हातात दिली. टॉर्चही दिला. स्वतः उठले नाहीत.

दार उघडलं आणि वासानं मी मागे सरलो. कोंदट, जुन्या ओल्या पोत्याचा वास. वरच्या टाकीचा पाइप भिंतीच्या आत झिरपत होता, खिडकी घट्ट बंद, काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. छत काळं, कोपरे हिरवट काळे. ताबा गेला म्हणायलाही काही उरलं नव्हतं. मला खरंच राग आला. लोकांना वायपर फिरवायला लावणारा माणूस, आणि हे?

मग टॉर्चचा उजेड आरशाच्या बाजूला पडला.

तिथं भिंतीवर टिकल्या होत्या. कपाळावरच्या टिकल्या. आंघोळीला बसताना बाई कपाळावरची टिकली काढते, भिंतीला चिकटवते आणि बाहेर येताना विसरते. सुनंदाच्याही असतात, मी रोज पाहतो आणि कधी पाहिल्यासारख्या पाहिल्या नाहीत. या प्रभाकाकूंच्या होत्या. लाल, मरून, बारीक गोल. लग्नाकार्याला लावायची एक लांबट, खड्याची. वर्षानुवर्षांच्या, एकीशेजारी एक, आरशाच्या उंचीपासून खाली बादलीपर्यंत. आणि काळी बुरशी चारही बाजूंनी त्यांच्यापर्यंत येऊन पोचली होती.

मी बाहेर आलो. तेच बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता. रोजचं भांडण होतं म्हणाले. हे बाथरूम आहे का टिकल्यांचं दुकान, असं ते म्हणायचे. ती म्हणायची, कोर्टात जा. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला आत गेले आणि तसेच बाहेर आले. खिडकी उघडली तर वाऱ्यानं एक पडली, म्हणून खिडकी लावली. पाणी उडू नये म्हणून बाहेर आंघोळ. प्लंबर आला की भिंत फोडेल, म्हणून प्लंबर नाही. बुरशी येणार हे त्यांना माहीतच होतं. येताना दिसतही होती.

मला एकदम त्यांचं टॉर्च घेऊन हिंडणं कळलं. दुसऱ्यांच्या भिंती वाचवत होते बिचारे. स्वतःची वाचवायची तर आधी उघडी करावी लागली असती.

मी मास्तर माणूस, मला काही सुचलं की ते आधी चुकीचंच सुचतं. मी म्हटलं, मोबाइलवर फोटो काढून ठेवू. ते म्हणाले, कोर्टात झेरॉक्स चालत नाही. बरोबर होतं. मग मात्र मी त्यांच्याच भाषेत गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, साहेब, रागावू नका, पण आज त्या भिंतीवर ताबा काकूंचा नाही, बुरशीचा आहे. तुम्ही मला शिकवलंत. खालच्या टिकल्या गळून पडल्या आहेत, फरशीवर पाण्यात आहेत. आणखी एक पावसाळा, की एकही राहणार नाही. आणि काकूंना काही रस्त्यावर काढायचं नाहीये. त्यांना पर्यायी जागा देऊ.

"कुठीसा?" ते म्हणाले.

मी खोलीतल्या कपाटाकडे बोट केलं. काकूंचं लोखंडी कपाट, त्याच्या दाराला उभा आरसा. कोरडी जागा, उजेडाची.

ते त्या आरशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मी आजवर लय लोकांचे कब्जे काढले. हे माह्या हातानं नाही होत. सूनबाईले बोलवा."

सुनंदाला ते सूनबाई म्हणतात. ती आली. मी आधी एक टिकली काढून पाहिली होती, ती माझ्या जाड बोटांतून सटकून बादलीत गेली, तेव्हा मला बाजूला करण्यात आलं. सुनंदानं नखानं एकेक अलगद उचलली, कोरड्या फडक्यावर ठेवली, पुसली, मागे गोंदाचा थेंब लावला आणि आरशाच्या कडेनं बसवत गेली. पाण्यात पडलेल्याही वेचून घेतल्या. खड्याची लांबट सगळ्यात वर. मध्ये चेहरा दिसेल एवढी जागा तिनं मोकळी ठेवली. वकीलसाहेब पलंगावर बसून होते, डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. मी मान फिरवून पाइपकडे पाहत उभा राहिलो. पाइपातलं मला काही कळत नाही.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. प्लंबरनं भिंत फोडली, पाइप बदलला. खिडकीवरचं वर्तमानपत्र निघालं. पंखा लावून भिंत सुकवली, खरवडली, गिलावा केला, पांढरा रंग दिला. ब्रशनं मी घासलं आणि या वेळी अ‍ॅसिडला हात लावला नाही. भिंत बोटाला कोरडी लागेपर्यंत वकीलसाहेब हलले नाहीत. मग अकोल्याला फोन केला तो विहीणबाईंनाच. ताबा आमचा आहे, म्हणाले, पोरगी पाठवा. आणि मागच्या वेळचं मनात ठेवू नका, असंही म्हणाले. विहीणबाईंनी पल्लवीसोबत डिंकाचे लाडू पाठवले. आपली दक्षिणेची भिंत खरवडली, हेही कळवलं.

पल्लवी आली. घरात दिवे लवकर लागायला लागले, कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. सुनंदा अर्धा दिवस तिकडेच. आणि एका सकाळी मी शाळेची तयारी करत असताना वकीलसाहेबांनी कंपाउंडवरून हाक मारली की ताबडतोब या, मौका पाहायचा आहे. आवाज असा होता की मी समजलो. बुरशी परत आली. पाइप पुन्हा फुटला. मी अर्धी दाढी तशीच ठेवून वायपर आणि ब्रश घेऊन धावलो.

ते आतल्या बाथरूममध्ये उभे होते. खिडकी उघडी, ऊन आत आलेलं. टॉर्चची काही गरज नव्हती तरी त्यांनी टॉर्च लावला होता, आणि उजेड आरशाच्या बाजूला धरला होता. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर एक टिकली होती. लाल, बारीक, ताजी. पल्लवी नुकतीच आंघोळ करून गेली होती.

मी वेंधळा, माझ्या हातात ब्रश. पुढे झालो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नका," ते म्हणाले. "वारस रेकॉर्डवर आली."

आम्ही दोघं उभे राहिलो. बाहेरून वारा आला, टिकलीची एक कड जराशी हलली. मला कळेना काय करावं, म्हणून मी खिडकी लावायला हात वर केला.

"राहू द्या उघडी," वकीलसाहेब म्हणाले. "पडली त पडली. उद्या पोरगी दुसरी लावन."

मग त्यांनी टॉर्च बंद केला, माझ्या हातातला वायपर घेतला, आणि पल्लवी गेल्यावर ओल्या राहिलेल्या भिंती वरून खाली निपटून काढू लागले.